'जीन फॅमिली'ला मराठीत काय म्हणावे: कुटुंब, कुल की भावकी?

दुधनाकाठ:
तुरीतल्या 'वर्की' नावाच्या 'जीन फॅमिली'वरच्या लेखाचा मराठी सारांश करायचा आहे. वाचणारे दोन प्रकारचे आहेत. एक परभणी-बदनापूरकडचे कृषी पदवीचे विद्यार्थी, दुसरे बीएसएमआर 736 किंवा बीडीएन 711 हे तुरीचे वाण लावणारे, वाचायची सवय असलेले शेतकरी. अडलंय चार शब्दांवर: जीन फॅमिली, डोमेन, ऑर्थोलॉग, पॅरालॉग. 'जनुक कुटुंब' असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं दिसतं, ते खटकतं. का खटकतं ते मात्र नेमकं सांगता येत नाही. शिवाय 'हे जनुक सोयाबीनच्या जनुकाशी 80 टक्के होमोलॉगस आहे' या वाक्याचं काय करावं?

कोशाळू:
खटकतं कारण कुटुंब ठरतं चुलीवरून. रेशनकार्डावर सून असते, ती रक्ताची नसते. लातूरला वेगळं बिऱ्हाड केलेला सख्खा भाऊ त्या कार्डावर नसतो. जीन फॅमिलीत नेमकं उलटं आहे. एका पूर्वज जनुकाच्या प्रती झाल्या, त्या गुणसूत्रांवर कुठेही पांगल्या, वेगवेगळ्या कामाला लागल्या, तरी फॅमिली एकच. म्हणजे राहणं आणि काम दोन्ही बाजूला ठेवून फक्त वंश पाहायचा. त्याला मराठीत शब्द आहे कुल.

अडचण एवढीच की वनस्पतिशास्त्राने हा शब्द आधीच घेतलाय. मराठी विश्वकोशात 'कुल–लेग्युमिनोजी' असं छापतात, तिथे कुल म्हणजे वनस्पतींची फॅमिली. त्यामुळे 'शिंबावंत कुलातील वर्की कुल' असं लिहिलं की वाचक अडखळणार. उपाय सोपा आहे: नेहमी जोडून 'जनुककुल' लिहा, सुटं 'कुल' कधीच नको.

जाता जाता: विश्वकोशात जाती म्हणजे स्पीशीज आणि प्रजाती म्हणजे जीनस. वर्तमानपत्रं प्रजाती हा शब्द स्पीशीजसाठी वापरतात. तूर ही जाती आणि बीडीएन 711 हा वाण, हा भेद सारांशात सांभाळा. नाहीतर पुढे ऑर्थोलॉग समजावताना सगळा घोळ होईल.

शेंगवर्गीय:
कोशाळू म्हणतात ते बरोबर, पण वंश डोळ्यांना दिसत नाही, तो खुणेवरून ठरवावा लागतो. ती खूण म्हणजे डोमेन. 'प्रांत' किंवा 'क्षेत्र' लिहू नका. डोमेन म्हणजे प्रथिनाचा स्वतःपुरता घडी पडणारा, ठराविक काम करणारा तुकडा. शेतकरी वाचकाला मी 'देवक' सांगेन.

उदाहरण वर्की जनुककुलाचं घ्या. नाव पडलं ते ट्रिप्टोफॅन, आर्जिनिन, लायसिन, टायरोसिन या चार अमिनो आम्लांच्या एकाक्षरी खुणांवरून. सुमारे 60 अमिनो आम्लांचा हा डोमेन, आणि त्याच्या आतच जस्ताचा अणू धरणारी रचना. हा डोमेन असलेली प्रथिनं डीएनएवरच्या ठराविक जागी बसून दुसरी जनुकं चालू-बंद करतात. रोग आणि पाण्याचा ताण यांच्या अभ्यासात ती वारंवार येतात ती यामुळेच.

देवकाची उपमा आणखी एका ठिकाणी कामाला येते. पंचपल्लव हे कितीतरी आडनावांचं देवक आहे, तेवढ्यावरून ती सगळी एका घराची ठरत नाहीत. तसंच ल्युसिन या अमिनो आम्लाच्या पुनरावृत्तीचा तुकडा रोगप्रतिकारक जनुकांत असतो आणि पेशीच्या पडद्यावरच्या कायनेज प्रथिनांतही असतो. तो धरून शोधलं तर भलतीच मंडळी पंगतीला बसतात. म्हणून रोगप्रतिकारक जनुककुलाचा शोध एनबी-एआरसी या डोमेनवरून घ्यायचा, पीफॅम या डोमेनच्या संग्रहातला क्रमांक पीएफ00931. वर्कीसाठी पीएफ03106.

गोदाकाठचा:
हे प्रत्यक्षात मोजतात कसं? 'तुरीत या कुलाची अमुक जनुकं आहेत' असा आकडा प्रत्येक लेखात वेगळा दिसतो.

शेंगवर्गीय:
आकडा वेगळा येण्याची कारणं कामाच्या रीतीतच आहेत, म्हणून ती सांगतो.

तुरीच्या जनुकसंचाचा (जीनोमचा) सुरुवातीचा मसुदा आशा या वाणाचा, म्हणजे आयसीपीएल 87119 चा; 'नेचर बायोटेक्नॉलॉजी'च्या 2012 च्या अंकात छापून आला. गुणसूत्रांच्या 11 जोड्या, जनुकसंच अंदाजे 83.3 कोटी डीएनए-अक्षरांचा, त्यातली जुळवता आली सुमारे 60.6 कोटी, आणि जनुकं वर्तवली 48,680. न जुळलेल्या भागात कुलातलं कोणी राहिलं असेल तर ते यादीत येणारच नाही. पुढच्या आवृत्तीत ते सापडतं आणि आकडा वाढतो.

आता कृती. प्रथिनांची पूर्ण फाइल उतरवून घ्यायची. पहिली चाळण इथेच: एका जनुकाची दोन-तीन रूपं .1, .2 असं शेपूट लावून आलेली असतात. प्रत्येक जनुकाचं सगळ्यात लांब रूप ठेवून बाकीची काढायची. हे विसरलं की 90 जनुकांची 120 होतात. आकड्यांतल्या निम्म्या भांडणांचं मूळ हेच असतं.

मग डोमेनचा एचएमएम साचा (कोणत्या जागी कोणतं अमिनो आम्ल किती वेळा येतं त्याचा नमुना) घेऊन एचएमएमसर्च हा शोधाचा प्रोग्राम चालवायचा, ई-व्हॅल्यूची मर्यादा 0.00001 ठेवून. ई-व्हॅल्यूला 'अचूकता' म्हणू नका. एवढ्या मोठ्या फाइलमध्ये निव्वळ योगायोगाने इतक्या चांगल्या किती जुळण्या सापडतील, तो आकडा म्हणजे ई-व्हॅल्यू. फाइल मोठी झाली की तोही बदलतो. पहिल्या फेरीत भक्कम सापडलेल्यांवरून तुरीचाच साचा बांधून दुसरी फेरी घेतली तर दूरचे सदस्य हाती लागतात. जोडीला अराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या नमुना वनस्पतीची ओळखीची प्रथिनं घेऊन ब्लास्ट, म्हणजे क्रम जुळवून शोध. दोन्ही याद्या एकत्र केल्यावर प्रत्येक क्रम स्मार्ट किंवा सीडीडी या डोमेन-संग्रहांवर टाकून डोमेन पूर्ण आहे का ते बघायचं. अर्धवट सापडला तर लगेच काढू नका. आजूबाजूचा डीएनए उघडून बघा: जनुक खरंच मोडकं आहे, की जनुक वर्तवणाऱ्या प्रोग्रामने मध्येच तोडलं?

वंशवृक्ष काढताना सगळ्यात जास्त चुका होतात. पूर्ण प्रथिनं एकाखाली एक मांडली तर डोमेनबाहेरचे भाग जुळत नाहीत आणि झाड भरकटतं. म्हणून फक्त डोमेन कापून घ्यायचा, मॅफ्ट या प्रोग्रामने मांडायचा, आयक्यू-ट्रीने झाड काढायचं, बूटस्ट्रॅप (फांद्या किती भक्कम ते पाहायच्या फेऱ्या) 1000. वर्कीच्या पहिल्या गटातल्या प्रथिनांत डोमेन दोन असतात आणि ते वेगळे कापावे लागतात, म्हणून झाडावरची पानं जनुकांपेक्षा जास्त भरतात. पानं मोजून जनुकांचा आकडा लिहिलेला असेल तर तो लेख जपून वाचा.

बांधावरून:
शेतकऱ्यांसाठी लिहायचं तर जनुककुलापेक्षा 'जनुकांची भावकी' म्हणा. मराठवाड्यात भावकी म्हटलं की एका मूळ पुरुषापासून फुटलेली घरं, हे वेगळं सांगावं लागत नाही. रानं वेगळी, धंदे वेगळे, सुतक मात्र एक. उपगटांना 'तक्षीम' म्हणता येईल. पाटीलकीच्या जुन्या कागदांत घराण्याच्या फाट्यांना तोच शब्द आहे. मग पॅरालॉग म्हणजे भावकी आणि ऑर्थोलॉग म्हणजे सोयरे, असं जमेल?

कोशाळू:
भावकी झकास. तक्षीम मला आवडला, पण विद्यार्थ्याला तो कोशात बघावा लागेल. तिथे उपकुलच ठेवा. सोयरे मात्र चुकतंय. सोयरीक लग्नाने जुळते, तिथे रक्त एक नसतं. ऑर्थोलॉगमध्ये तर रक्त एकच असतं. आणि 'भाऊबंदकी' चुकूनही लिहू नका, तो शब्द भांडणाचा.

शेंगवर्गीय:
हे दोन्ही शब्द वॉल्टर फिच यांनी 1970 मध्ये मांडले, आणि फरक एकाच प्रश्नाचा आहे: दोन जनुकं वेगळी झाली ती कोणत्या घटनेने? जाती फुटल्या म्हणून वेगळी झाली तर ऑर्थोलॉग. जनुकाची दुप्पट होऊन वेगळी झाली तर पॅरालॉग. 'वेगळ्या पिकात ते ऑर्थोलॉग, एकाच पिकात ते पॅरालॉग' ही पाठ करायला सोपी व्याख्या चुकीची आहे. दुप्पट आधी झाली आणि जाती नंतर फुटल्या, तर तुरीतली एक प्रत आणि सोयाबीनमधली दुसरी प्रत एकमेकांच्या पॅरालॉगच ठरतात, पिकं वेगळी असूनही.

आपल्याकडे ही दोन पिकं एकाच शेतात उभी असतात, चार ओळी सोयाबीन आणि दोन ओळी तूर, म्हणून उदाहरण त्यांचंच घेऊ. सोयाबीनचा अख्खा जनुकसंच दोनदा दुप्पट झालाय: सुमारे 5.9 कोटी वर्षांपूर्वी आणि पुन्हा 1.3 कोटी वर्षांपूर्वी. पहिली दुप्पट तुरीच्याही पूर्वजात झालेली. दुसरी वेळ आली तोवर तुरीची वाट वेगळी झाली होती. म्हणून तुरीच्या एका जनुकासमोर सोयाबीनची बहुधा दोन येतात. ती दोन्ही तुरीच्या जनुकाची ऑर्थोलॉग, आणि आपसात पॅरालॉग. 'तुरीच्या जनुकाचं सोयाबीनमधलं नेमकं जनुक कोणतं?' या प्रश्नाला एक उत्तर नसतं ते यामुळे.

माझं मत: हे दोन शब्द देवनागरीत तसेच ठेवा. पहिल्यांदा येतील तिथे 'जाती फुटताना वेगळी झालेली' आणि 'दुप्पट होऊन वेगळी झालेली' एवढं लिहा. संस्कृत घडवून नवा शब्द केला तर त्याचाही अर्थ द्यावा लागणारच आहे.

कोशाळू:
मान्य. आता 80 टक्के होमोलॉगस. होमॉलॉजी म्हणजे एकवंशी असणं. ते असतं किंवा नसतं. चुलतभाऊ 80 टक्के चुलत नसतो. टक्के लागतात ते जुळणीला. तिथेही दोन आकडे असतात: अमिनो आम्ल तेच असेल तर तंतोतंत जुळणी, लायसिनच्या जागी आर्जिनिन असा स्वभावाने जवळचा बदल धरला तर साधर्म्य. कोणता आकडा आणि किती लांबीवर, दोन्ही लिहा. 60 अमिनो आम्लांच्या डोमेनवरचे 80 टक्के आणि 400 च्या पूर्ण प्रथिनावरचे 80 टक्के यांत फार अंतर आहे.

गोदाकाठचा:
'कँडिडेट जीन'ला 'उमेदवार जनुक' छापलेलं पाहिलं. निवडणुकीला उभं राहिल्यासारखं वाटतं.

बांधावरून:
'संशयित जनुक'. पोलिसांचा शब्द आहे, पण अर्थ चोख बसतो: पुरावा अजून यायचाय.

शेंगवर्गीय:
उत्तम. कारण कुलाच्या अभ्यासातून एवढंच निघतं, संशयितांची यादी. 'तुरीच्या वांझ रोगाला प्रतिकारक जनुक सापडलं' असं त्यावरून लिहिता येत नाही.

यादी छोटी करायला मर रोग किंवा ताण असलेल्या आणि नसलेल्या रोपांत कोणतं जनुक किती बोलतं, म्हणजे किती चालू आहे, ते क्यूपीसीआर या चाचणीवर मोजतात. भावकीचा त्रास इथेच सुरू होतो. प्रायमर, म्हणजे जनुक हुडकणारा डीएनएचा छोटा तुकडा, डोमेनवर बसवला की सगळे भाऊ एकदम ओ देतात. म्हणून तो जनुकाच्या शेवटच्या, प्रथिनात न उतरणाऱ्या भागावर बसवायचा. तिथे भावाभावांत फरक जास्त असतो. मोजायचा तुकडा 80 ते 200 अक्षरांचा, कार्यक्षमता 90 ते 110 टक्के, स्वतंत्र रोपांचे किमान तीन नमुने, आणि तुलनेला निदान दोन स्थिर जनुकं, जी त्याच ताणात स्थिर राहतात हे आधी तपासलेली. वितळ-आलेखावर (तुकडा कोणत्या तापमानाला वितळतो तो आलेख) एकच शिखर आलं तरी दोन जुळे भाऊ त्याखाली लपू शकतात, म्हणून तुकड्याचा क्रम एकदा वाचून घ्यावा.

नावांचंही सांभाळा. तुरीच्या कजानस कजान या नावावरून जनुकाआधी 'सीसी' लावतात, पण कॉफीच्या एका जातीलाही सीसीच. हरभऱ्याचं 'सीए' मिरचीलाही. नाव एकच आणि पीक भलतंच, असा घोटाळा तक्त्यात सहज होतो. नावासोबत जनुकाचा मूळ क्रमांक आणि जनुकसंचाची आवृत्ती द्या.

दुधनाकाठ:
सारांशाची सुरुवात अशी केली आहे, बघा:

'वर्की हे जनुककुल, म्हणजे एका पूर्वज जनुकापासून वाढलेली जनुकांची भावकी. या भावकीची खूण म्हणजे सुमारे 60 अमिनो आम्लांचा वर्की डोमेन. तुरीतील या जनुकांपैकी काही एकमेकांची पॅरालॉग आहेत, म्हणजे दुप्पट होऊन वेगळी झालेली. तर सोयाबीनमध्ये त्यांची ऑर्थोलॉग आहेत, म्हणजे जाती फुटताना वेगळी झालेली. रोगाच्या वेळी जागा झालेला जनुक संशयित मानला आहे.'

मोडक्या जनुकाला 'वांझ जनुक' म्हणावं का?

बांधावरून:
नको. वाचणारा थेट वांझ रोगाशी जोडेल. 'मोडकं'च बरं.

कोशाळू:
शेवटच्या वाक्यात 'जागा झालेला जनुक' नाही, 'जागे झालेले जनुक'. जनुक नपुंसकलिंगी आहे.