विंडोज १० सोडून लिनक्सवर जायचंय, घरच्या वापरासाठी काय टाकू?

जुना_डबा

घरचा लॅपटॉप जुना, पण ठणठणीत आहे. सहाव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि ११च्या यादीत हा प्रोसेसर बसत नाही. तेवढ्यासाठी चालतं मशीन भंगारात काढायचं जिवावर येतंय. म्हणून लिनक्स.

वापर असा: बाबा बातम्या, यूट्यूब, बँकेची साइट बघतात आणि मराठीत लेख टाइप करतात. मुलीचे शाळेचे प्रोजेक्ट आणि प्रेझेंटेशन. माझं मेल, एक्सेल, अधूनमधून प्रिंट-स्कॅन. गेम कोणी खेळत नाही.

शोधायला गेलं तर लिनक्सचेच प्रकार: उबुंटू, मिंट, फेडोरा, झोरिन, डेबियन... यादी संपतच नाही, आणि जो तो आपलंच घोडं दामटतो. कमांड टाइप करायची वेळ शक्यतो येऊ नये. जमलं नाही तर परतीचा रस्ता हवा. जाणकारांनी सांगावं. आगाऊ धन्यवाद.

मुंगी

मिंट, त्यातली सिनॅमन (विंडोजसारख्या दिसणाऱ्या डेस्कटॉपची) आवृत्ती. डोळे मिटून. बाकी कोणाचं ऐकू नका :)

खटपट्या

मिंटला अनुमोदन, पण डोळे उघडे ठेवा. कुठलं लिनक्स हा प्रश्न तसा दुय्यमच. मिंट २२ हे उबुंटू २४.०४वरच उभं आहे, २०२९पर्यंत अपडेट मिळतील. फेडोरा उत्तम, पण त्याची एकेक आवृत्ती साधारण १३ महिने चालते, मग पुढचीवर जावं लागतं. ते घरात कोण करणार? तुम्हीच. म्हणून नको.

माणसं अडतात ती सिस्टिमपाशी नाही, प्रोग्रामपाशी. त्यामुळे लिनक्स टाकायच्या आधी आहे त्या विंडोजवरच फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, व्हीएलसी, मेलला थंडरबर्ड टाका आणि घरच्यांना तेच वापरायला लावा. हे सगळे लिनक्सवरही आहेत, जवळपास तसेच. लिब्रेऑफिसमध्ये अमुक मेनू सापडत नाही अशी कुरकुर व्हायचीच असेल तर ती आत्ता होऊ दे, बाकी सगळं ओळखीचं असताना. कुरकुर थांबली की मग खालची सिस्टिम बदला, बाबांना फारसं जाणवणारही नाही. आणि नाहीच थांबली, तर लिनक्स तुमच्या घरासाठी नाही हे काहीही न मोडता कळलं.

मग पेन ड्राइव्ह. मिंटची आयएसओ फाइल (अख्खी सिस्टिम एका फाइलमध्ये) उतरवा, रूफस किंवा एचर या मोफत प्रोग्रामने ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवा (त्यातलं जुनं सगळं पुसलं जातं) आणि त्यावरून लॅपटॉप चालू करा. जोवर तुम्ही 'इन्स्टॉल' दाबत नाही तोवर डिस्कवरचं काही बदलत नाही. वायफाय, आवाज, कॅमेरा, टचपॅडवर दोन बोटांनी सरकवणं, सगळं तपासा. आणि झाकण मिटून पुन्हा उघडा, मशीन जागं होतंय का बघा. हे लोक हमखास विसरतात आणि नंतर इथे येऊन विचारतात.

वायफाय दिसलंच नाही तर घाबरू नका, काही चिपना वेगळा ड्रायव्हर लागतो. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं इंटरनेट लॅपटॉपला देणं) सुरू करा आणि मेनूतला 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा. काय टाकायचं ते तोच सुचवतो.

पेन ड्राइव्हवरून सगळं संथ चालतं, त्यावरून वेग जोखू नका. वेगाचंच म्हणाल तर हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरते भाग नसलेली, वेगवान डिस्क) बसवा. सिस्टिम बदलून पडेल त्यापेक्षा कितीतरी जास्त फरक याने पडेल. शिवाय तुमचा परतीचा रस्ता तयार: जुनी डिस्क विंडोजसकट कपाटात. नाही पटलं तर परत लावा, सगळं जसंच्या तसं.

काठावरचा

डिस्क बदलायची नसेल तर दोन्ही शेजारी ठेवा की. ड्युअल बूट अगदी नीट चालतं. फक्त चार गोष्टी: आधी बॅकअप. विंडोजचं पार्टिशन (डिस्कवरचा त्याचा हिस्सा) विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करा. 'फास्ट स्टार्टअप' बंद करा, नाहीतर विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्सला त्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, कारण बूटमध्ये बदल झाला की विंडोज ती मागू शकतं.

विंडोजमध्ये शिरल्यावर घड्याळ काही तास चुकलेलं दिसेल. बिघाड नाही. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज स्थानिक. एका सेटिंगचं काम आहे.

खटपट्या

@काठावरचा, चालतं हो. पण दोन्ही समोर असली की पहिल्या अडचणीला माणूस विंडोज उघडतो आणि तिथेच राहतो. डिस्क कपाटात असली की निदान आधी उत्तर शोधतो.

टंकनिका

बाबांच्या मराठीचं कोणीच विचारलं नाही! ते कसं टाइप करतात? इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाणित कीबोर्ड) असेल तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडलं की झालं. रोमन अक्षरांतून करत असतील तर आयबस आणि एम१७एन (लिनक्सवर इतर भाषा टाइप करायची साधनं) टाका, त्यात रोमनमधून टाइप करायच्या पद्धती आहेत: आयट्रान्स आहे, मिंग्लिश आहे, आपलं गमभनही आहे. टाकल्यावर एकदा लॉग आउट करून परत या, नाहीतर यादीत काही दिसत नाही आणि आपण उगाच वैतागतो.

जुना_डबा

बाबा पूर्वी टाइपरायटरवर शिकलेत, हात त्याच पद्धतीचा. आणि जुने लेख युनिकोडमध्ये (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत) नाहीत, कुठल्याशा जुन्या फॉन्टमध्ये आहेत. फॉन्ट नसला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

टंकनिका

मग एम१७एनमध्येच रेमिंग्टन आणि टाइपरायटर असे दोन पर्याय आहेत, ते दोन्ही लावून बघा. जोडाक्षरांच्या एखाद-दोन कळा इकडेतिकडे असतील, तेव्हा बाबांनाच बसवा, तुम्ही ठरवू नका.

जुन्या लेखांसाठी विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधून त्या फॉन्टची टीटीएफ फाइल आत्ताच काढून ठेवा. लिनक्सवर तिच्यावर डबल क्लिक करून इन्स्टॉल केली की लेख दिसायला लागतील. दिसणं वेगळं, शोधता येणं वेगळं. त्यासाठी सवडीने युनिकोडमध्ये फिरवावे लागतील. फिरवल्यावर रफार आणि पहिली वेलांटी डोळ्याखालून घाला, घोळ तिथेच होतात.

मुंगी

एक्सेल: साध्या शीटला लिब्रेऑफिस पुरतं. मॅक्रो (शीटमध्ये आपोआप कामं करणारे छोटे प्रोग्राम) वापरत असाल तर आधी तुमच्याच फाइल उघडून पाहा, सगळे चालतील याची खात्री नाही. प्रेझेंटेशनमधल्या ओळी सरकल्या तर बहुधा कॅलिब्री फॉन्ट नसल्यामुळे. कार्लिटो टाका, त्याच्या अक्षरांची रुंदी तेवढीच आहे.

जुना_डबा

मॅक्रो नाहीत, सुटलो. एसएसडीचंच करतो. प्रिंटर-स्कॅनर एकत्र असलेलं मशीन आहे, वायफायवालं. त्याचं काय?

काठावरचा

एअरप्रिंट (ड्रायव्हरशिवाय वायफायवरून छापायची ॲपलची सोय) चालणारं असेल तर बहुतेक वेळा ड्रायव्हर न टाकताच प्रिंटरच्या यादीत येतं. पेन ड्राइव्हवरून मिंट चालू कराल तेव्हाच एक पान छापून बघा. स्कॅनिंगला 'डॉक्युमेंट स्कॅनर' आहे, काचेवर कागद ठेवून त्यातून एक स्कॅन करा. प्रिंट होतं पण स्कॅनर सापडत नाही, असं झालं तर मॉडेलचं नाव इथे टाका, बघू.