मदत हवी आहे: स्वयंसेवकांच्या बळावर चालणारे अ‍ॅनिमे संमेलन – नोंदणी, नियम आणि जबाबदारी

नमस्कार मंडळी,

जपानी भाषा शिकणारे विद्यार्थी, काही होतकरू चित्रकार आणि अ‍ॅनिमे-मांगाचे (जपानी अ‍ॅनिमेशन आणि चित्रकथांचे) चाहते असे आम्ही काही जण गेली काही वर्षे पुण्यात एक दिवसाचे छोटे संमेलन भरवत आहोत. प्रवेश विनामूल्य, खर्च आपापसांतील वर्गणीतून आणि जागा म्हणजे एका महाविद्यालयाचे सभागृह, असे आजवरचे स्वरूप होते. गेल्या खेपेस मात्र गर्दी आवाक्याबाहेर गेली. रांग जिन्यातच अडकून पडली, कॉस्प्ले (आवडत्या पात्राची वेशभूषा) करून आलेल्या मुलींना कपडे बदलायला जागा उरली नाही आणि दारावरच्या स्वयंसेवकांना दिवसभरात एकही कार्यक्रम पाहता आला नाही. आता मोठे सभागृह घेण्यावाचून पर्याय नाही आणि तिथले व्यवस्थापन आरक्षणासाठी नोंदणीकृत संस्थेचे नाव मागत आहे.

सगळे काम एखाद्या इव्हेंट कंपनीकडे सोपवावे, असा सल्ला अनेकांनी दिला. त्यावर आमची पुष्कळ चर्चा झाली आणि संमेलन चाहत्यांनीच चालवायचे, यावर जवळपास सगळ्यांचे एकमत झाले. हा निव्वळ भाबडेपणा आहे असे मला वाटत नाही, कारण या छंदातील जगभरची मोठी संमेलने अशीच उभी राहिली आहेत. टोकियोच्या कॉमिकेटची, म्हणजे चाहत्यांनी स्वतः काढलेल्या अंकांच्या मेळ्याची, सुरुवात २१ डिसेंबर १९७५ रोजी एका सभागृहात झाली, तेव्हा स्वतःची नियतकालिके घेऊन आलेले ३२ गट आणि सुमारे ७०० माणसे होती. आज ते टोकियो बिग साइटमध्ये वर्षातून दोनदा भरते, लाखो लोक येतात, तरीही जागेवरची बहुतेक व्यवस्था स्वयंसेवकच पाहतात. तिथले एक तत्त्व मला फार मोलाचे वाटते: कॉमिकेटमध्ये ग्राहक कोणीच नसतो, अंक विकणारा, विकत घेणारा आणि रांग लावणारा असे सगळेच ‘सहभागी’ मानले जातात. अमेरिकेतील ओटाकॉन हे अ‍ॅनिमे संमेलन १९९४ साली पेनसिल्व्हेनियातील स्टेट कॉलेज या गावी सुरू झाले, पुढे बरीच वर्षे बाल्टिमोरला भरले आणि २०१७ पासून वॉशिंग्टनमध्ये भरते. तेही एक ना-नफा संस्था बिनपगारी स्वयंसेवकांच्या आधारे चालवते. कंपनीकडे काम दिले की आलेला माणूस तिकीट काढून आलेला प्रेक्षक होतो. आमच्याकडे पहिल्या वर्षी कोपऱ्यात बसून चित्रे काढणारी मुलगी पुढच्या वर्षी चित्रकारांच्या टेबलांची आखणी करते, आणि हे आम्हाला गमवायचे नाही.

आता प्रत्यक्ष अडचणी मांडतो.

पहिली अडचण नोंदणीची. आमच्या समजुतीप्रमाणे संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात सदस्यांची संस्था नोंदवता येते आणि महाराष्ट्रात तिची महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंद करावी लागते. दुसरा मार्ग कंपनी कायद्याच्या कलम ८ खालील ना-नफा कंपनीचा. आमच्यातील बहुतेक जण विद्यार्थी किंवा नुकतेच नोकरीला लागलेले आहेत. दोन-तीन वर्षांत निम्मे लोक शिक्षणासाठी किंवा कामासाठी शहर सोडतील, काही तर जपानलाच जातील. पदाधिकारी वारंवार बदलणार असतील, तर यांपैकी कोणता मार्ग कमी त्रासाचा ठरेल? ज्यांनी नाट्यसंस्था, गिर्यारोहण मंडळ किंवा वाचनालय अशा रीतीने नोंदवले आहे, त्यांचा अनुभव फार उपयोगी पडेल. पहिल्या वर्षासाठी एखाद्या जुन्या नोंदणीकृत संस्थेच्या नावाने सभागृह घ्यावे का, आणि तसे केल्यास हिशेबाची जबाबदारी कोणावर येते, हेही कळले तर बरे होईल.

दुसरी अडचण प्रॉपची, म्हणजे वेशभूषेसोबत बाळगायच्या नकली शस्त्रांसारख्या वस्तूंची, आणि तिच्यावर मी जरा सविस्तर लिहितो. कॉस्प्ले करणारी मुले महिनोन्महिने खपून तलवारी, भाले, धनुष्ये तयार करतात. ईव्हीए नावाच्या हलक्या फोमचे थर चिकटवून, हीट गनने वाकवून, वर रंगाचे हात देऊन केलेली कटाना (जपानी तलवार) हातभर अंतरावरूनही खरी वाटते. पण काही जण लाकडी तलवार आणतात आणि क्वचित कोणी शोभेची म्हणून विकली जाणारी धातूची आणतो. नऊ इंचांपेक्षा लांब पात्याच्या शस्त्रावर शस्त्र कायद्याची बंधने येतात, शिवाय शहरात पोलिसांचे शस्त्रबंदीचे आदेश वरचेवर लागू असतात. त्यामुळे धातूला संपूर्ण बंदी, लाकडी वस्तूची धार आणि टोक पाहूनच परवानगी, तपासलेल्या प्रॉपला रंगीत प्लास्टिकची पट्टी, म्यान असल्यास तलवार बाहेर निघणार नाही अशी ती बांधायची, आणि घरापासून सभागृहापर्यंत सगळे प्रॉप कापडी पिशवीत झाकून आणायचे, असा मसुदा आम्ही केला आहे. परदेशी संमेलनांतही प्रवेशापाशी असा तपासणीचा टेबल असतो. प्रश्न असा आहे की स्थानिक पोलीस ठाण्याला कार्यक्रमाचे पत्र देताना या नियमांची प्रत जोडावी का, की त्यामुळे नको त्या शंका निर्माण होतात? नाटकाच्या किंवा शोभायात्रेच्या निमित्ताने ज्यांनी अशा परवानग्या घेतल्या आहेत, त्यांनी कृपया सांगावे.

छायाचित्रांबाबत आमचे धोरण ठाम आहे. २०१४ मध्ये न्यूयॉर्क कॉमिक कॉनमध्ये, कॉस्प्ले केले म्हणजे संमती दिली असे होत नाही, अशा अर्थाचे मोठे फलक लावले गेले होते. तसाच मराठी फलक आम्ही प्रवेशद्वाराशी लावणार आहोत. विचारल्याशिवाय फोटो नाही, वेशभूषेला किंवा विगला हात नाही, आणि अठरा वर्षांखालील मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय आमच्या पानावर टाकायचे नाहीत. तक्रार ऐकून घेणारी व्यक्ती कोण असावी आणि तिला कोणते अधिकार असावेत, याचा लेखी नमुना कोणाकडे असल्यास हवा आहे. आपल्याच ओळखीच्या मित्राविरुद्ध तक्रार आली तर स्वयंसेवकांची पंचाईत होते, म्हणून तक्रार समितीत एक जण बाहेरचा असावा असे माझे मत आहे.

फॅनआर्टचा, म्हणजे चाहत्यांनी काढलेल्या प्रसिद्ध पात्रांच्या चित्रांचा, प्रश्न मला सर्वांत नाजूक वाटतो. चित्रकारांच्या टेबलांवर प्रिंट, स्टिकर आणि कीचेन विकल्या जातात आणि त्यांत प्रसिद्ध मालिकांतील पात्रे असतात. जपानमध्ये चाहत्यांनी काढलेल्या अशा अंकांकडे हक्कधारक बहुधा काणाडोळा करतात आणि त्यांची तक्रार आल्याशिवाय सहसा फौजदारी कारवाई होत नाही. आपल्याकडे २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ६३ खालील (जाणूनबुजून हक्कभंग करण्याचा) गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला आहे. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलामुलींना आम्ही बोलावणार असू, तर हा धोका त्यांना आधी स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. निम्मी टेबले केवळ स्वतःच्या कल्पनेतील पात्रांसाठी राखून ठेवावीत, असा एक प्रस्ताव आहे आणि मी त्याच्या बाजूने आहे. जाणकार वकिलांनी यावर दोन शब्द लिहिले तर मोठे उपकार होतील. मालिका किंवा चित्रपट पडद्यावर दाखवायचे नाहीत, हे मात्र ठरले आहे. हक्कधारकाच्या परवानगीशिवाय ते करणे योग्य नाही.

शेवटचा मुद्दा स्वयंसेवकांचा. गणेशोत्सव मंडळात जसे रात्रीच्या पहाऱ्याचे वाटप फळ्यावर लिहिलेले असते, तसे तीन-तीन तासांच्या पाळ्यांचे वेळापत्रक आम्ही करत आहोत, जेणेकरून प्रत्येकाला अर्धा दिवस तरी संमेलन अनुभवता यावे. जेवण आणि प्रवासखर्च द्यायचा, मानधन नाही. पण ऐन दिवशी न येणाऱ्यांचे काय करावे, हे अजून सुटलेले नाही.

भर: काही प्रतिसादांत विचारल्यामुळे लिहितो. सुमारे चारशे माणसे येतील असे धरून चाललो आहोत आणि त्यापुढे नावनोंदणी बंद करणार आहोत. प्रवेशशुल्क नाममात्र असेल आणि जमाखर्च संमेलनानंतर सर्वांसमोर ठेवला जाईल. प्रथमोपचारासाठी एक डॉक्टर यायला तयार झाल्या आहेत. खाद्यपदार्थ सभागृहाच्या उपाहारगृहातूनच घेण्याची अट आहे, त्यामुळे तो प्रश्न मिटला. अनामत रक्कम भरण्याची मुदत या महिन्याच्या अखेरीस संपते, म्हणून नोंदणीबाबतचे उत्तर आधी मिळाले तर पुढचे पाऊल टाकता येईल.