तलावात तरंगतो तो सूट, माणूस नव्हे

अंतराळवीर व्हायला लागणारी पदवी आणि उड्डाणाचे तास यांबद्दल जे सांगितलं जातं ते ठीकच आहे, पण ‘पाण्याखाली सराव केला की अंतराळात गेल्यासारखंच’ हे अर्धंच खरं. यानाबाहेरच्या कामाचा सराव नासाच्या ह्यूस्टनमधल्या तलावात (६२ मीटर लांब, १२ मीटर खोल) होतो; तिथे तरंगतो तो अंतराळवीराचा सूट. पाणबुडे त्याला वजनं आणि फोमचे तुकडे लावून ना बुडेल ना वर येईल असा जुळवतात. आतल्या माणसाला मात्र गुरुत्वाकर्षण सोडत नाही. डोकं खाली करून काम करायचं म्हटलं की सगळा भार खांद्यांवर, म्हणून खांद्याच्या दुखापती या सरावात नेहमीच्या. शिवाय पाण्याचा विरोध असतोच. जड पेटी ढकलून सोडली की तिथे ती आपोआप थांबते; कक्षेत ती तुम्हालाच थांबवावी लागते. ही सवय पुढे मुद्दाम मोडावी लागते.

खरा घाम काढतात ते हातमोजे. सुटात बाहेरच्यापेक्षा साधारण ०.३ वातावरण जास्त दाब असतो, त्यामुळे हातमोजा फुगून ताठ होतो आणि प्रत्येक वेळी मूठ वळणं म्हणजे फुगवलेला चेंडू दाबणं. एकेक सराव सहा तासांचा. बोटं बधिर होतात, कधीकधी नखंही सुटून येतात. नवखे यानाचा कठडा गच्च धरून तासाभरात पंजे दमवतात. मुरलेले दोन बोटांच्या आधाराने सरकतात आणि पकडीचा जोर अवजारासाठी राखून ठेवतात.