६ ची १८ माणसं झाली आणि जुनेच रुसले, काय करू?

शिलाईवाला_सोलापूर:
नमस्कार मंडळी. आपलं शाळेच्या युनिफॉर्मचं छोटं युनिट आहे, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ४ मशीनवर सुरू केलेलं, आता अक्कलकोट रोड एमआयडीसीत भाड्यानं गाळा घेतलाय. ऑर्डरचं रडगाणं नाही, माणसांचं आहे. आधी दुपारी डबा खाता खाताच ठरायचं कॉलर कोण लावणार, काज-बटन कोण करणार. आता सुपरवायझर आणलाय (पोरगं हुशार आहे हो) तर पहिल्या दिवसापासूनच्या अक्का त्याचं ऐकतच नाहीत, काही झालं की थेट मला फोन. परवा २८ आणि ३२ च्या बाह्या एकाच गठ्ठ्यात गेल्या, ६० शर्ट उसवत बसलो. कटिंग मास्तरला विचारलं तर म्हणे, "मालक, आता साहेब आलाय ना, त्यालाच विचारा." शाळा सुरू व्हायच्या आत माल पोचवायचाय. पोराला काढू का ह्यांना दम देऊ?

कडक_भाकरी:
दोन्ही नको. आमच्या टॉवेलच्या लूमवर मीपण हाच शहाणपणा केलेला, बाहेरून मॅनेजर आणला आणि आमच्या जुन्या जॉबरला (लूम दुरुस्त करणारा) ते कळलं कधी, तर तो खुर्ची टाकून बसला तेव्हा. महिनाभर लूम बंद पडला की जॉबर नेमका चहाला. आता मला सांगा, अक्कांचा फोन आला की तुम्ही काय करता? उत्तर देता ना? मग पोराला कोण विचारणार. "त्याला विचारा" म्हणायचं आणि फोन ठेवायचा, आणि तो चुकला तरी चारचौघात त्याचा शब्द फिरवायचा नाही, मागनं बोलायचं. मास्तरकडं बंडलची चिठ्ठी द्या: साइज, लॉट, नग. त्याच्या सहीशिवाय गठ्ठा मशीनवर जाणार नाही. हे पोरानं नाही, तुम्ही स्वतः त्याच्या टेबलाजवळ जाऊन सांगायचं.

हिशोबाची_वही:
थोडं वेगळं सांगतो. १८ आहेत म्हणजे ईएसआयमध्ये (सरकारी कामगार विमा) आलेलाच आहात, ते १० लाच लागू होतं, आणि २० झाले की पीएफ. पीएफचे १२ टक्के कापले की हातात कमी येतं आणि खापर कुणावर, तर नवीन साहेबावर! कापायच्या आधी एकेकाला बसवून दाखवा किती कापणार, तुम्ही किती भरणार. आमच्याकडं एक बाई तीन महिने समजून होती की मालकानं उचल वळती करून घेतलीय.

गड्ड्याची_गर्दी:
बाकी सगळं राहू द्या, डबा बंद कुणी केला बे?

शिलाईवाला_सोलापूर:
मीच की. गाळ्यात केबिन केली, एसी लावला, तिथंच जेवायला लागलो, डोक्यातच आलं नाही.

शिलाईवाला_सोलापूर:
आठ दिवसांनी लिहितोय. डबा परत बाहेर, पहिल्या दिवशी सगळे गप्प, मग अक्कांनी शेंगाचटणी पुढं सरकवली आणि पोरालाच विचारलं तू जेवलास का. फोन अजून येतात, दोनदा माझ्याच तोंडातनं उत्तर निघून गेलं, पोराचं तोंड बघण्यासारखं झालेलं. मास्तर अजून घुश्शातच आहे. पण काल चिठ्ठ्यांचा गठ्ठा परत केला, साइज बारीक छापलाय म्हणून, मोठा छापून आणा म्हणाला, आणि ३२ ला लाल कागद.