पदपथावरच्या सुट्या पेव्हर ब्लॉकमुळे आई पडली, भरपाई कुठे मागायची?

नमस्कार मंडळी,

माझी आई ६८ वर्षांची. भाजी घेऊन येताना पदपथावर पडली आणि उजवं मनगट मोडलं. प्लेट घातली आहे. तीन महिने होत आले, तरी मूठ पुरती वळत नाही, कणीक मळणं बंदच आहे.

केबलसाठी खोदलेल्या चरावर पेव्हर ब्लॉक नुसते मांडून ठेवलेत, खालची माती ठोकून बसवलेलीच नाही. एका कडेवर पाय पडला की दुसरी कडा उचलते, तिलाच चप्पल अडकली. भावाने त्याच संध्याकाळी टेप लावून फोटो काढलेत. समोरच्या किराणावाल्या काकांनी तिला पडताना पाहिलंय, ते लिहून द्यायला तयार आहेत. दवाखान्याच्या केसपेपरवर मात्र ‘रस्त्यावर पडून’ एवढंच आहे, पोलिसांत नोंद नाही.

वॉर्ड ऑफिसात म्हणतात, काम ठेकेदाराचं, आम्ही फक्त खोदाईची परवानगी दिली. पदपथ महापालिकेचा, परवानगीही त्यांचीच, मग तो पूर्ववत झाला का हे बघायचं कोणी? मला हे अजिबात मान्य नाही.

मुंबई उच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२५ च्या आदेशानुसार खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाई आहे. ती आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती ठरवते. पण पदपथावरचा सुटा ब्लॉक ‘खड्डा’ धरतात का? चालण्याजोगा पदपथ हा राज्यघटनेच्या कलम २१ (जगण्याचा हक्क) खालचा हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये म्हटलंय, अर्जात त्याचा आधार घेता येईल का?

खरी काळजी मुदतीची आहे. आम्ही मुंबईबाहेरचे, त्यामुळे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम ४८७ लागू होईल असं दिसतं: आधी एक महिन्याची लेखी नोटीस आणि घटनेपासून सहा महिन्यांत दावा. समितीच्या निकालाची वाट बघता बघता ही मुदत उलटली तर? समितीकडे अर्ज आणि ४८७ ची नोटीस एकदमच द्यावी का? नोटिशीत ठेकेदारालाही गोवायचं का? पोलिसांत आता उशिरा नोंद केली तर उपयोग होईल का?

कोणी असा अर्ज स्वतः केला असेल किंवा वकील मंडळींपैकी कोणी असेल तर कृपया सांगा. नोटीस याच आठवड्यात पाठवायची आहे.