किर्लोस्करवाडीला कुठं होती गर्दी?

माळकरी (धागाकर्ता)
'शहर जितकं मोठं नि दाट, तितके शोध जास्त' हे हल्ली परवचा म्हटल्यासारखं ऐकू येतं. अमेरिकेतल्या शहरांचा २००७ चा अभ्यास पुढे करतात : लोकसंख्या दुप्पट झाली की पेटंटं दुपटीहून जास्त. असतीलही. पण १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात कुंडलच्या माळावर कारखाना टाकला (तीच पुढची किर्लोस्करवाडी), तिथं निवडुंग आणि सापांखेरीज कशाची दाटी होती? तरी लोखंडी नांगर तिथूनच गावोगाव गेला ना!

बेळगावनाका
उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. नांगर आणि कडबा कापायचं यंत्र, दोन्ही बेळगावात आधीच झाली होती. त्याच्याही आधी लक्ष्मणराव मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. माळावर मिळाली ती जागा आणि औंधच्या राजांचा आधार. पुढे १९४६ मध्ये ऑइल इंजिनांची कंपनी काढली ती कुठे? पुण्याला, खडकीत.

भायखळा_स्लो
मुंबईचंच घ्या. १८९६ मध्ये प्लेग आला, जीवाणूशास्त्रज्ञ हाफकिनने ग्रँट मेडिकल कॉलेजात काही महिन्यांत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. चाळींच्या दाटीनं रोग पसरवला, लसही तिथंच झाली.

माळकरी
नांगराची चूक मान्य. पण हाफकिनला सरकारनं कलकत्त्याहून बोलावून घेतलं होतं. आग लागल्यावर बंब आला, तर बंब काय आगीनं तयार केला?

ओतारी
तुम्ही सगळे शहराचा आकार आणि दाटी एकच धरून भांडताय. कोल्हापूर २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाखांचं, म्हणजे मुंबईपुढं वाडीच. पण शिवाजी उद्यमनगरात भिंतीला भिंत लागून वर्कशॉपं. आमच्या वडिलांचं पॅटर्नचं, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणाऱ्या नमुन्यांचं, दुकान होतं. सकाळी टर्नर (लेथवर काम करणारा) कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, हातात घेऊन शिव्या घालत यायचा, "ओ मिस्त्री, मशिनिंगला मालच ठेवला न्हाईसा!" (म्हणजे लेथवर कापायला जादा जाडीच नाही.) दुपारच्या चहापर्यंत पॅटर्नवर पट्टी चढलेली असायची, दुसऱ्या दिवशी नवं ओतकाम. असल्या सुधारणा शेकड्यांनी झाल्या, पेटंट एकाचंही नाही. बाबूराव पेंटरांनी १९१८ मध्ये सिनेमाचा कॅमेरा बनवला तोही कोल्हापुरातच.

बेळगावनाका
मग कोल्हापूरची प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्याला का गेली?

ओतारी
पोरगं शिकायला पुण्याला गेलं म्हणून त्याचा जन्म पुण्यातला होतो व्हय?

धानाची_लोंबी
पेटंट मोजून शोध मोजायचे यातच घोळ आहे. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून, वर्षानुवर्षं पेरून बघत एचएमटी तांदूळ काढला, नाव दिलं घड्याळाचं. ना शहर, ना प्रयोगशाळा, जमीनही थोडकीच. २०१८ मध्ये गेले ते गरिबीतच. हा तांदूळ तुमच्या कुठल्या आलेखात बसतो?

भायखळा_स्लो
हे तर माझ्याच बाजूचं झालं. शोध लावायला गर्दी लागत नाही, कबूल. पण त्याचे पैसे मिळवायला वकील, बँक, गिऱ्हाईक लागतं, आणि ते शहरात बसतात.

धानाची_लोंबी
म्हणजे शोध गावाचा आणि पावती शहराची. मी वेगळं काय म्हणतेय?

माळकरी
@भायखळा_स्लो, मुंबईत तरी माणसं एकमेकांना भेटतात का? अंधेरीहून कुर्ल्याला जायचं तर अर्धा दिवस घालवायचा.

भायखळा_स्लो
लोकलमध्ये भेटतात. डब्यातल्या ग्रुपात बसून बघा एकदा, निम्मे धंदे तिथंच ठरतात. (भजन झाल्यावर.)

ओतारी
माझं मात्र उलटं झालंय. आता कोल्हापूरबाहेर शिरोलीला शेड आहे, ऐसपैस, ट्रक आत वळतो. टर्नर राहिला उद्यमनगरात. तो व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो. पट्टी किती चढवायची ते फोटोत कळत नाही, मग गाडी काढावी लागते आणि काम उद्यावर जातं.