वर्डप्रेस: टॅक्स_क्वेरीत कंसात कंस कसे घालायचे? सल्ला हवा

मंडपाखालचा
नमस्कार मंडळी. नाशिकचाच आहे, कॉलेज रोडला खोली घेऊन फुटकळ वेबसाइटची कामं करतो. सध्या द्राक्ष बागायतदारांसाठी साइट चालू आहे. शेतकरी प्लॉट टाकणार, व्यापारी शोधणार. प्लॉट हा कस्टम पोस्ट टाइप (आपण बनवलेला नोंदीचा प्रकार) आणि टॅक्सॉनॉमी (वर्गीकरणं) तीन: गाव (वर तालुका, खाली गावं), जात (पांढरी आणि काळी, त्याखाली थॉमसन, सोनाका, शरद, जम्बो) आणि स्थिती (चालू, सौदा झाला).

व्यापारी म्हणतो, "निफाडचा थॉमसन किंवा सोनाका दाखव, नाहीतर दिंडोरीचा कुठलाही काळा माल. सौदा झालेलं काही नको." त्याचं एक वाक्य, माझे दोन दिवस गेले. टॅक्स_क्वेरीत, म्हणजे वर्गीकरणावरून नोंदी शोधायच्या वर्डप्रेसच्या सोयीत, सगळ्या अटी ओळीने लिहून रिलेशन 'ऑर' ठेवलं तर सौदा झालेले प्लॉट आत शिरतात. 'अँड' ठेवलं तर पान कोरं. थेट एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) लिहू का? की एखादं प्लगिन आहे? हंगाम तोंडावर आलाय.

गंगापूररोडकर
एसक्यूएल नको, प्लगिनही नको. आवृत्ती 4.1 पासून, म्हणजे डिसेंबर 2014 पासून, टॅक्स_क्वेरीत गटात गट चालतो. त्याआधीचे जुने लेख सापडतात, त्यात दोन क्वेऱ्या चालवून आयडी एकत्र करायला सांगतात. त्यांच्या नादी लागू नकोस.

व्यापाऱ्याचं वाक्य कागदावर लिही आणि त्यालाच कंस घाल. मोबाईलवरून लिहितोय, म्हणून मराठीतच मांडतो:

रिलेशन: अँड
— गट (रिलेशन: ऑर)
—— गट (रिलेशन: अँड): गाव निफाड, जात थॉमसन, सोनाका
—— गट (रिलेशन: अँड): गाव दिंडोरी; जात काळी
— स्थिती 'सौदा झाला', ऑपरेटर: नॉट इन

'नको' वाली अट सगळ्यात बाहेर. तुझी ती 'ऑर'च्या रांगेत बसली होती. मग जे चालू आहे ते सगळंच तिच्या जोरावर आत येणार, आणि सौदा झालेला निफाडचा प्लॉट गावाच्या जोरावर.

मंडपाखालचा
दादा, अगदी असंच केलं. पान तरी कोरंच. एकट्या पिंपळगावचे सव्वीस प्लॉट मी स्वतःच्या हाताने भरलेत!

सातपूर_रात्रपाळी
गावाच्या अटीत ऑपरेटर काय दिलास?

मंडपाखालचा
अँड. बाकी सगळीकडे अँडच होतं, म्हणून.

सातपूर_रात्रपाळी
तिथेच माशी शिंकली. रिलेशन दोन अटींना जोडतं. ऑपरेटर एकाच अटीच्या पोटातल्या टर्म्सबद्दल (निफाड, थॉमसन असे एकेक वर्ग) बोलतो. एकच तालुका दिलाय, मग अँड काय नि इन काय, असं वाटतं ना? पण इन्क्लूड_चिल्ड्रन आपसूक चालू असतं. तू निफाड म्हणालास की वर्डप्रेस त्याच्या खालची सगळी गावं यादीत ओढतो. वर अँड लावलंस म्हणजे प्लॉट एकाच वेळी निफाड, पिंपळगाव, ओझर, लासलगाव अशा सगळ्या टर्म्समध्ये हवा. असा प्लॉट कुठे सापडणार? दिंडोरीचंही तेच. ऑपरेटर 'इन' (यादीतलं कुठलंही एक चालेल) कर, किंवा लिहूच नकोस, न लिहिता तोच धरला जातो.

याउलट गटाच्या पातळीवर चुकून रिलेशनऐवजी 'ऑपरेटर' लिहू नकोस. तो शब्द दिसला की वर्डप्रेस अख्ख्या गटालाच एक साधी अट समजतो. मी यात एक रात्रपाळी घालवली आहे.

जुना_डेटाबेसवाला
अंदाज बांधण्यापेक्षा क्वेरी चालल्यावर तिच्या ऑब्जेक्टमधली 'रिक्वेस्ट' छापून बघत जा. तयार झालेलं एसक्यूएल समोर येतं, कंस कुठे पडले ते कळतं. क्वेरी मॉनिटर हे प्लगिनही टाकून ठेव, तेवढं एकच.

माझं खरं दुखणं वेगळं आहे. अँडच्या गटातल्या प्रत्येक 'इन' अटीमागे टर्म_रिलेशनशिप्सचं टेबल (कुठली पोस्ट कुठल्या टर्ममध्ये, त्याची नोंद) पुन्हा एकदा जोडलं जातं. तुझ्या या क्वेरीत चार जोड झाले, आणि 'नॉट इन'साठी वेगळी सबक्वेरी. स्थिती टॅक्सॉनॉमीत ठेवायचीच कशाला? सौदा झाला की पोस्टचं स्टेटसच बदल. क्वेरीतून एक अट गेली.

गंगापूररोडकर
काका, काही शे प्लॉट आहेत त्याचे. एवढ्यासाठी हंगामाच्या तोंडावर मांडणी मोडायला नको.

जुना_डेटाबेसवाला
पुढच्या हंगामात हेच वाक्य परत वाचशील.

इंदिरानगरची_ताई
फॉर्मवरून टर्म्स येणार असतील तर अजून एक. व्यापाऱ्याने जात निवडलीच नाही तर रिकामी यादी तशीच 'इन'ला देऊ नकोस. रिकामं म्हणजे 'काहीही चालेल' असं आपल्याला वाटतं, वर्डप्रेसला वाटतं 'काहीच नको'. मूल्य असेल तरच ती अट अ‍ॅरेमध्ये ढकल.

आणि टर्म्सची नावं मराठीत आहेत ना? मग फील्ड 'स्लग' (नावावरून बनलेला पत्त्यातला शब्द) ठेवू नकोस, टर्म_आयडी (टर्मचा क्रमांक) घे. देवनागरी स्लग टक्क्यांच्या चिन्हांत साठवला जातो, एकेका अक्षराला आणि एकेका काना-मात्रेला नऊ जागा लागतात. मर्यादा 200, म्हणजे बाविसावर गाडी थांबते. 'पिंपळगाव बसवंत'मध्येच तेरा खर्ची पडतात. पुढे लांब काही जोडलंस तर शेपूट तुटेल.

मंडपाखालचा
झालं!! ऑपरेटर काढला, पिंपळगावचे प्लॉट दिसले. रिक्वेस्ट छापली, 'नॉट इन' बरोबर बाहेरच्या अँडला लागलंय. ताई, आयडीवर गेलो. काका, तुमचं स्टेटसचं म्हणणं पटतंय, पण आता हात लावत नाही.

व्यापाऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "छान. आता भावाप्रमाणे लावून दे." त्यासाठी नवीन धागा काढतो.